'हेवी' म्हणजे किती, 'लाइकली' म्हणजे किती? पावसाच्या अंदाजातल्या इंग्रजी विशेषणांची मापं

जून लागला की हवामान खात्याची पत्रकं मोबाइलवर फिरायला लागतात. त्यांतली एक ओळ पावसाळाभर पुन्हा पुन्हा येते : 'आयसोलेटेड हेवी टू व्हेरी हेवी रेनफॉल व्हेरी लाइकली ओव्हर कोंकण अँड गोवा.' थोड्याच वेळात तिचं मराठी होतं, 'कोकणात मुसळधार ते अति मुसळधार पावसाची शक्यता'. दुपारपर्यंत वाहिन्यांवर 'पाऊस कोकणाला झोडपणार' अशी पट्टी धावू लागते. दुसऱ्या दिवशी रत्नागिरीत लख्ख ऊन पडलं की लोक खात्याच्या नावानं बोटं मोडतात.

खात्याचे अंदाज चुकतात, हे खरं आहे. पण वरच्या ओळीचं जे झालं, त्यात अंदाज चुकायच्या आधीच अर्थ सांडला. मूळ ओळीत 'आयसोलेटेड' होतं, ते मराठीत आलंच नाही. 'व्हेरी लाइकली' होतं, त्यातलं 'व्हेरी' गळालं. आणि ही विशेषणं वर्णनासाठी घातलेली नसतात. त्यातल्या प्रत्येकामागे ठरवून दिलेला आकडा असतो. तो आकडा माहीत असला की तीच ओळ पार वेगळी वाचता येते.

'हेवी' : मिलिमीटरमध्ये मोजलेलं विशेषण

आधी मिलिमीटरचं पाहू. पडलेलं पाणी वाहून गेलं नाही, मुरलं नाही, वाफ होऊन उडालं नाही, तर सपाट जमिनीवर त्याचा जेवढ्या उंचीचा थर साचेल तेवढा पाऊस. १ मिमी पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. मोजणी सकाळी साडेआठला होते आणि त्याआधीच्या २४ तासांची असते. म्हणून 'बुधवारचा पाऊस' म्हणून जो आकडा छापून येतो, तो बहुतेक मंगळवारीच पडलेला असतो.

आता विशेषणं. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी पडला तर 'हेवी'. ११५.६ ते २०४.४ पर्यंत 'व्हेरी हेवी'. २०४.५ आणि त्यापुढे 'एक्स्ट्रीमली हेवी'. मराठीत आपण अनुक्रमे मुसळधार, अति मुसळधार आणि अत्यंत मुसळधार म्हणतो. एक एकर रानावर हिशेब करून पाहा. 'हेवी'च्या उंबरठ्यावरचा पाऊस म्हणजे त्या एकरावर सुमारे २ लाख ६१ हजार लिटर पाणी, दहा हजार लिटरचे २६ टँकर. 'एक्स्ट्रीमली हेवी' सुरू होतो तिथे हाच आकडा ८ लाख २७ हजार लिटरांवर जातो. रोजच्या इंग्रजीत 'व्हेरी' आणि 'एक्स्ट्रीमली' हे शब्द बोलण्याला जोर यावा म्हणून येतात. या पत्रकांत मात्र एका शब्दावरून दुसऱ्यावर गेलं की पाणी जवळपास दुप्पट होतं.

सगळ्यांत वरच्या पायरीला मिलिमीटरमध्ये छत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस मोजला गेला. आजच्या पट्टीवर त्यालाही 'एक्स्ट्रीमली हेवी'च म्हणावं लागेल, आणि २०५ मिमीलाही. याच्याही पुढे 'एक्सेप्शनली हेवी' असा एक शब्द खात्याकडे आहे. तो मात्र त्या जागेच्या आजवरच्या उच्चांकाशी ताडून वापरतात, त्यामुळे क्वचितच दिसतो.

आणि हे माप २४ तासांचं आहे. ७० मिमी दिवसभर रिपरिपत पडला काय किंवा संध्याकाळी तासाभरात कोसळला काय, दोन्ही 'हेवी'. पहिल्या पावसानं भाताची खाचरं भरतात, दुसऱ्यानं शहराचे भुयारी मार्ग. पाऊस किती वेगानं पडणार, हे 'हेवी' सांगत नाही.

मग 'अतिवृष्टी' म्हणजे कुठला पाऊस?

इथे शेतकऱ्यांचा हमखास गोंधळ उडतो, आणि त्यात त्यांचा दोष नाही. नुकसानभरपाईसाठी महसूल खातं जी 'अतिवृष्टी' धरतं, तिचा निकष महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमी किंवा त्याहून जास्त पाऊस असा आहे. म्हणजे महसुलाची 'अतिवृष्टी' आणि हवामान खात्याचा नुसता 'हेवी' जवळजवळ एकाच उंबरठ्यावर उभे आहेत. बातमीतला 'अति मुसळधार' मात्र ११५.६ मिमीपासून सुरू होतो. 'अति' दोन्हीकडे आहे, मापं दोन वेगळी. 'आमच्याकडे अति मुसळधार झालाच नाही, मग पंचनामा कशाचा मागायचा' असं कुणी म्हणत असेल, तर त्यानं आपल्या मंडळाचा पर्जन्यमापक ६५ च्या वर गेला का, एवढं आधी पाहावं. शिवाय ६५ न गाठताही दिवसेंदिवस लागून राहिलेल्या झडीनं सोयाबीन सडतं. त्यासाठी 'सततचा पाऊस' ही आपत्ती राज्य सरकारनं २०२३ मध्ये वेगळी मान्य केली.

'आयसोलेटेड' : आपल्या गावात का नाही पडला?

किती पडेल हे झालं, आता कुठे पडेल ते. हवामान खात्यानं देशाचे ३६ उपविभाग केले आहेत. कोकण आणि गोवा मिळून एक, मध्य महाराष्ट्र दुसरा, मराठवाडा तिसरा, विदर्भ चौथा. एखाद्या उपविभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर 'आयसोलेटेड', म्हणजे तुरळक ठिकाणी. २६ ते ५० टक्के असेल तर 'स्कॅटर्ड', काही ठिकाणी. ५१ ते ७५ टक्के म्हणजे 'फेअरली वाइडस्प्रेड', बऱ्याच ठिकाणी. त्याच्यावर 'वाइडस्प्रेड', बहुतेक सगळीकडे.

इंग्रजीत 'आयसोलेटेड' आणि 'स्कॅटर्ड' हे शब्द लोक एकमेकांच्या जागी सहज वापरतात. दोन्हींचा अर्थ विखुरलेला, सुटा सुटा. पत्रकात मात्र त्यांच्यामध्ये पक्की रेघ आहे. आणि 'तुरळक ठिकाणी मुसळधार' यातलं 'तुरळक' हे ठिकाणांचं विशेषण आहे, पावसाचं नाही. पाऊस थोडाच पडेल असा त्याचा अर्थ नव्हे. थोड्या जागी पडेल, पण जिथे पडेल तिथे धुऊन काढेल.

पुन्हा २००५ चाच दाखला घ्या. सांताक्रूझला ९४४ मिमी झाला त्याच २४ तासांत कुलाब्याला ७३ मिमी झाला. एकच शहर, एकच महानगरपालिका. कुलाब्यातल्या माणसाला तो जुलैतला एक जोरदार दिवस वाटला असता.

'पॉसिबल', 'प्रॉबेबल', 'लाइकली'

सगळ्यांत जास्त घोळ या तीन शब्दांचा आहे, म्हणून इथे जरा थांबू. इंग्रजीच्या सर्वसाधारण वापरात 'पॉसिबल' म्हणजे घडू शकेल, नाकारता येत नाही. किती शक्य, याबद्दल तो शब्द गप्प असतो. 'प्रॉबेबल' आणि 'लाइकली' म्हणजे न घडण्यापेक्षा घडण्याकडे पारडं झुकलेलं. मराठीत आपण तिन्हींना 'शक्यता' म्हणून मोकळे होतो. फार तर 'दाट शक्यता'.

इंग्रजी बोलणाऱ्यांचंही यात एकमत नसतं. १९५१ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या गुप्तचर विभागानं एक अहवाल दिला : त्या वर्षी युगोस्लाव्हियावर हल्ला होणं ही 'सीरियस पॉसिबिलिटी' मानावी. अहवाल ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाला ते शर्मन केंट. परराष्ट्र खात्यातल्या एका अधिकाऱ्यानं त्यांना विचारलं की तुम्हाला नेमकं किती म्हणायचंय? केंट म्हणाले, शंभरात ६५. अधिकारी चपापला, त्यानं आकडा बराच कमी धरला होता. मग केंट यांनी अहवालावर काम केलेल्या आपल्याच सहकाऱ्यांना एकेकट्याला विचारलं. एकाच्या मनात ८० टक्के होते, तर दुसऱ्याच्या मनात २०. एकाच वाक्याला सगळ्यांनी मान डोलावली होती. पुढे १९६४ मध्ये केंट यांनी यावर लेख लिहून शब्दांना आकडे जोडायची पट्टीच सुचवली, तिच्यात 'प्रॉबेबल' ७५ टक्क्यांच्या आसपास आहे.

तेव्हापासून असे अंदाज देणाऱ्या अनेक संस्थांनी आपापली पट्टी केली. अडचण 'आपापली' या शब्दात आहे. हवामानबदलावर अहवाल देणारी संयुक्त राष्ट्रांची समिती 'लाइकली' लिहिते तेव्हा तिला किमान ६६ टक्के म्हणायचं असतं आणि 'व्हेरी लाइकली' लिहिते तेव्हा किमान ९०. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेत 'लाइकली' म्हणजे ६० ते ७० टक्के. आपल्या हवामान खात्याच्या पत्रकात 'लाइकली' २५ ते ५० टक्के, 'व्हेरी लाइकली' ५० ते ७५ आणि 'मोस्ट लाइकली' ७५ च्या वर.

हे पुन्हा एकदा वाचा. आपल्याकडचा 'लाइकली' पाऊस हा न पडण्याकडे झुकलेला पाऊस आहे. न्यू जर्सीत राहणारी मुलगी तिथला 'लाइकली' वाचून छत्री घेते, तेव्हा पावसाचा संभव निम्म्याहून जास्त असतो. तिचे आई-वडील ठाण्यात तोच शब्द वाचतात, तेव्हा तो निम्म्याहून कमी असतो. मला हे खटकतं. इंग्रजीत 'लाइकली'चा जो अर्थ सर्वमान्य आहे, त्याच्या उलट बाजूला ही पायरी ठेवलेली आहे. खात्यानं ती बदलावी असं माझं स्पष्ट मत आहे. पण बदल होईतो वाचकाला ती माहीत असलेली बरी.

आता सुरुवातीची ओळ सोडवू. 'व्हेरी लाइकली' म्हणजे ५० ते ७५ टक्के संभव. कशाचा? कोकण-गोव्यातल्या फार तर पाव केंद्रांवर ६४.५ ते २०४.४ मिमी पाऊस होण्याचा. ढोबळ हिशेबानं एखाद्या ठरावीक गावाच्या वाट्याला तो पाऊस येण्याचा संभव ७५ टक्क्यांचा पाव भाग, म्हणजे जास्तीत जास्त १९ टक्के. डोंगरउतारावरच्या गावांना त्याहून जास्त, काही किनाऱ्यावरच्या गावांना कमी. रत्नागिरीत ऊन पडलं आणि त्याच दिवशी चिपळूणच्या वरच्या अंगाला दीडशे मिमी झाला, तर अंदाज बरोबर ठरला.

'म्हणजे काहीही झालं तरी खातं बरोबरच?'

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. ४० टक्के संभव सांगितला आणि पाऊस पडला नाही, तर त्या एका दिवसावरून अंदाज चूक की बरोबर हे ठरत नाही. हापूसची पेटी घेताना विक्रेता म्हणाला, 'दहात चार डागी निघतील', आणि तुम्ही काढलेला पहिला आंबा चांगला निघाला, म्हणून तो खोटं बोलला असं होत नाही. पेटी संपल्यावर डागी आंबे मोजले की कळतं. तसंच, ज्या ज्या दिवशी ४० टक्के म्हटलं होतं ते सगळे दिवस एकत्र काढायचे आणि त्यांतल्या किती दिवशी पाऊस झाला हे पाहायचं. शंभरातल्या चाळीसच्या आसपास दिवस निघाले तर अंदाज भरवशाचा. ऐंशी निघाले किंवा दहाच निघाले, तर खातं चुकतंय, आणि तसं ठणकावून सांगता येतं.

म्हणजे खात्याला पळवाट मिळत नाही. उलट, आकड्यानं बांधलेल्या विशेषणाची परीक्षा घेता येते. 'पाऊस झोडपणार' या वाक्याची कधीच घेता येत नाही.

दुसरी गोष्ट, संभव किती म्हणजे हालचाल करायची, हे आकड्यावर ठरत नाही, काय पणाला लागलंय त्यावर ठरतं. अंगणात पापड वाळत घालायचे असतील तर ३० टक्क्यांकडे काणाडोळा करता येईल. काढलेला कांदा उघड्यावर पडला असेल तर नाही येणार. आणि कड्याखालच्या वाडीला ३० टक्के हे फार म्हणजे फार आहेत.

'नॉर्मल' : एका शब्दाच्या दोन पट्ट्या

एप्रिलमध्ये बातमी येते, 'यंदा पाऊस नॉर्मल'. इथे तुलना दीर्घकालीन सरासरीशी असते. संपूर्ण देशासाठी जून ते सप्टेंबरची ही सरासरी ८७ सेंटिमीटर आहे, १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांवरून काढलेली. त्या मोसमी अंदाजात ९६ ते १०४ टक्के म्हणजे 'नॉर्मल'. ९० ते ९५ 'बिलो नॉर्मल', ९० च्या खाली 'डेफिशिएंट'. वरच्या बाजूला १०५ ते ११० 'अबव्ह नॉर्मल' आणि त्यापुढे 'एक्सेस'.

पण पाऊस सुरू झाल्यावर जिल्ह्याजिल्ह्याचे जे रंगीत नकाशे येतात, त्यांत दुसरी पट्टी असते. तिथे सरासरीपेक्षा १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त, हे सगळं 'नॉर्मल'. २० ते ५९ टक्के कमी झाला की 'डेफिशिएंट', ६० किंवा त्याहून जास्त टक्के कमी झाला की 'लार्ज डेफिशिएंट'. परिणामी ९५ टक्के पावसाचा देश 'बिलो नॉर्मल' ठरू शकतो आणि ८२ टक्के पावसाचा जिल्हा 'नॉर्मल'. यात लबाडी नाही. देशाच्या सरासरीत एकीकडची तूट दुसरीकडे भरून निघते, त्यामुळे तो आकडा फारसा हलत नाही आणि त्याची पट्टी अरुंद ठेवावी लागते. जिल्ह्याचा आकडा वर्षागणिक खूप वरखाली होतो, म्हणून तिथे पट्टी रुंद. पण दोन्हीकडे शब्द एकच असल्यानं वाचणाऱ्याची फसगत होते.

साताऱ्याचं उदाहरण घ्या. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिमीच्या पुढे पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात तो ५०० मिमीच्या आसपास असतो. जिल्ह्याचा आकडा मात्र एकच निघतो. पश्चिमेचा घाट चिंब झाला तर जिल्हा 'नॉर्मल' दिसू शकतो आणि त्याच वेळी माणमधल्या दहिवडीकडे टँकर सुरू असू शकतात. ६५ मिमीचा 'हेवी' पाऊसही या दोन ठिकाणी सारखा नसतो. महाबळेश्वरच्या जुलैत तो नेहमीचा दिवस, माणमध्ये वर्षाच्या पावसाचा आठवा भाग एका दिवसात.

शिवाय 'नॉर्मल' ही बेरीज आहे. जूनमध्ये पेरणी झाल्यावर पावसानं तीन आठवडे दडी मारली आणि सप्टेंबरात सगळी कसर भरून काढली, तरी मोसमाचा आकडा 'नॉर्मल'च येईल. पीक मात्र जुलैतच गेलेलं असेल. शेतकरी 'यंदा पाऊस बरा झाला नाही' म्हणतो आणि नकाशा हिरवा दिसतो, तेव्हा दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. पिकाच्या दृष्टीनं शेतकऱ्याचं माप जास्त कामाचं आहे.

रंगांचं काय?

पिवळा, नारंगी, लाल हे रंग म्हणजे पावसाच्या मापाचं चित्र, असा सर्रास समज आहे. तसं नाही. रंग ठरवताना संभव किती आणि परिणाम किती गंभीर, हे दोन्ही एकत्र पाहतात. पिवळा म्हणजे माहिती घेत राहा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. धरणं भरलेली आहेत, जमीन आधीच पाण्यानं फुगलेली आहे, अशा वेळी त्याच मापाच्या पावसाला वरचा रंग मिळू शकतो. लाल इशाऱ्याच्या दिवशी शाळा बंद ठेवल्या आणि पाऊस फिरकला नाही, की पालक वैतागतात. ते समजण्यासारखं आहे, कुणाचा तरी रोजगार बुडलेला असतो. पण एक दिवस फुकट सुट्टी गेली आणि इशारा न देता पूर आला, ही दोन नुकसानं एकाच तागडीत मावत नाहीत.

'मग सरळ आकडेच का देत नाहीत?'

देतात. हवामान खात्याच्या इंग्रजी पत्रकात शेवटी एक तक्ता असतो, त्यात या लेखातली बरीचशी मापं दिलेली असतात. तो तक्ता बातमीत येत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पहिल्या पानाच्या चित्रात तर नाहीच नाही. आणि मराठीत येताना 'लाइकली', 'व्हेरी लाइकली', 'मोस्ट लाइकली' या तीन पायऱ्यांची मिळून एक 'शक्यता' होते.

ही गोष्ट सुधारायला ना नवा उपग्रह लागतो ना नवं रडार. वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी पावसाळ्याचे चार महिने रोजच्या अंदाजाशेजारी तो तक्ता मराठीत द्यावा. निदान विशेषणाऐवजी त्याचं माप छापावं. सुरुवातीची ओळ तेव्हा अशी छापून येईल : 'येत्या २४ तासांत कोकण-गोव्यातल्या फार तर पाव ठिकाणी ६५ ते २०४ मिमी पाऊस होण्याचा संभव ५० ते ७५ टक्के.' मूळ इंग्रजी ओळीत जेवढं होतं तेवढं सगळं यात आहे. मथळा म्हणून ती झोकदार नाही, पण चिपळूणच्या दुकानदाराला तळमजल्यावरचा माल आज वर चढवायचा की उद्या, हे ठरवायला तिचा उपयोग होईल.